चोरश्वास

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काका, वीस-पंचवीस सेकंद श्वास रोखता येईल का?" आणि मी हसलो. नुसतं हसू नाय, खुर्ची हलेपर्यंत हसलो. बायको शेजारी बसली होती, तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी मला आवरेना. चाळीस वर्षं मी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलं. क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर आमच्या बँडचं दुकान. ह्या शहरातले अर्धेअधिक नवरदेव मी घोड्यावरून मांडवापर्यंत पोचवले असतील. अन् ह्या बाई मला विचारतात, श्वास रोखता येईल का. पोस्टमनला विचारावं तसं, की बाबा, तुला चालता येतं का.

"जमंल की," मी म्हणालो. "तुम्ही थकाल, मी नाय थकणार."

मॅडम बिचाऱ्या समंजस. त्यांनी हसून कागदावर काहीतरी लिहिलं. बायको मात्र बाहेर आल्या आल्या सुरू झाली, की समोर कोण बसलंय, आपण कशाला आलोय, काही भान हाय का नाय. तिचं खरं होतं. हसण्यासारखं काहीच नव्हतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ती कापून काढली, मग केमोच्या सलाईनी झाल्या. सगळं निस्तरलं म्हणेपर्यंत पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन ठिपके दिसले. एक सुपारीएवढा, एक हरभऱ्याएवढा. आतड्यातली बिलामत लिव्हरपर्यंत पोचली होती. पुन्हा पोट फाडण्यासारखी त्यांची जागा नव्हती. मॅडमचं म्हणणं, आपण किरणांचा शेक देऊ, पण सगळ्या लिव्हरला नाय, फक्त त्या दोन ठिपक्यांना. चहूबाजूंनी बारीक बारीक किरणं सोडायची आणि ती सगळी त्या एका ठिकाणी एकत्र येतील असा नेम धरायचा. एक दिवस आड, पाच वेळा. चिरफाड नाय, भूल नाय, दाखल व्हायची गरज नाय.

अडचण एकच होती. आपण श्वास घेतला की लिव्हर खाली सरकतं, सोडला की वर जातं. हलत्या ठिपक्यावर नेम कसा धरायचा? त्यात तो सुपारीएवढा ठिपका आतड्याला लागूनच. नेम जरा हुकला की आतडं भाजायचं. म्हणून पेशंटनं ठरल्या मापाचा श्वास घ्यायचा, तिथंच थांबायचं, आणि तो थांबलेला असेल तेवढ्या वेळातच मशीन चालणार. पेशंट हलला की मशीन आपसूक बंद.

"आणि हे नाहीच जमलं तर?" बायकोनं विचारलं होतं.

मॅडम म्हणाल्या होत्या, "तर मग पुन्हा केमो. जमलं तर केमो सध्या लांब ठेवू."

केमो काय असते ते मला ठाऊक होतं. उलट्या, केस गळणं, तोंड येणं, ते सगळं मी सोसलं होतं. पण त्या औषधानं माझ्या बोटांची टोकं बधिर करून टाकली होती. क्लॅरिनेटची भोकं बोटांच्या टोकांनी झाकायची असतात, केसाएवढी फट राहिली तरी सूर चिरकतो. अन् माझी बोटं अशी, की शर्टाचं बटण हातात आहे का सुटलं हेच कळायचं नाय. बटणं बायको लावायची, अन् लावता लावता चार शब्द ऐकवायची. सलाईनी बंद झाल्यावर वर्षभरात कुठं थोडं थोडं भान यायला लागलं होतं. चहाचा कप गरम आहे हे बोटांना समजायला लागलं होतं. पुन्हा त्या सलाईनी चढल्या असत्या तर बोटं गेलीच. खरं सांगतो, मला मरणाची तेवढी भीती वाटत नव्हती जेवढी त्या बोटांची वाटत होती. हे मी बायकोला एकदा बोलून दाखवलं तर तिनं दोन दिवस अबोला धरला.

तर मापं घ्यायचा दिवस ठरला. तीन तास पोट रिकामं ठेवून या म्हणाले होते. तिथली टेक्निशियन मॅडम फर्दापूरची निघाली, तिशीतली, चपळ, कामात एकदम चोख. तिनं मला मण्यांच्या गादीवर झोपवलं, गादीतली हवा ओढून घेतली, अन् ती गादी माझ्या अंगाच्या आकारात दगडासारखी कडक झाली. आता दर वेळी असंच झोपायचं, इकडं नाय तिकडं नाय. पोटावर शाईच्या तीन खुणा केल्या, त्यावर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या. मग बेंबीच्या वर एक हलकी डबी ठेवली. समोर कॅमेरा. श्वासाबरोबर डबी वर-खाली होणार, तसतशी माझ्या डोळ्यासमोरच्या पडद्यावर एक पिवळी रेघ वर-खाली होणार. पडद्यावर एक हिरवा पट्टा. रेघ त्या पट्ट्यात आणायची अन् तिथंच धरून ठेवायची. झालं.

मी आपला पहिलाच श्वास असा भरला की रेघ पट्ट्याच्या पार वर निघून गेली. स्पीकरवरून ती म्हणाली, काका, एवढा नको, निम्मा घ्या. निम्मा? मला राग आला. एवढा भरणारा माणूस तिनं आजवर बघितला नसेल, शाबासकी द्यायची सोडून निम्मा घ्या म्हणते. तरी घेतला निम्मा. रेघ पट्ट्यात आली. धरली. मस्त वीस सेकंद, पंचवीस, तीस. मला काय, मी अजून मिनिटभर तसाच पडलो असतो.

तिनं पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी ती आतच आली, माझ्या डोक्याशी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही मधे मधे चोरून श्वास घेताय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हलायचं नाय म्हणून पडल्या पडल्याच बोललो तिला. लई बोललो. चाळीस वर्षं काढली ह्या धंद्यात, तू मला श्वास शिकवणार का, अन् चोर कोणाला म्हणते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पडदा माझ्याकडं वळवून आधीची नोंद दाखवली. रेघ पट्ट्यात सरळ चाललेली, अन् दर पाच-सहा सेकंदांनी तिला एक बारका दात. सरळ, दात. सरळ, दात. करवतीसारखी दिसत होती.

ते दात कशाचे हे मला एका नजरेत कळलं.

मी सोळा-सतरा वर्षांचा असताना आमच्या उस्तादांनी मला पहिल्यांदा काय शिकवलं असेल, तर ते हे. वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढं नाच रंगात आलेला असतो, तिथं क्लॅरिनेटवाला श्वास घ्यायला थांबला तर गाणं तुटतं, अन् नाचणारे शिव्या घालतात. म्हणून गालात हवा धरून ठेवायची, ती गालांनी नळीत ढकलायची, अन् तेवढ्यात नाकानं गुपचूप एक घोट आत ओढायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाय. उस्ताद म्हणायचे, "सांस चुराके ले, बेटा. गाना टूटना नक्को." आम्ही त्याला चोरश्वास म्हणायचो. मी त्यात एवढा तरबेज झालो की नंतर नंतर माझं मलाच कळेनासं झालं. चाळीस वर्षांत एकाही माणसानं मला पकडलं नव्हतं. अन् ह्या फर्दापूरच्या बाईनं पहिल्या अर्ध्या तासात रंगेहाथ पकडलं. राग तर आलाच, पण खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी कौतुकही वाटलं.

कौतुकानं भागणार नव्हतं. डॉक्टर मॅडमनी ती करवत बघितली आणि सरळ सांगितलं. प्रत्येक दाताला लिव्हर सरकतंय, प्रत्येक दाताला मशीन बंद पडणार. पाच-पाच सेकंदांच्या तुकड्यांत हा शेक देता येत नाही. तुम्हाला आठवडा देते, घरी सराव करा. पुढच्या सोमवारी रेघ सरळ आली तर ठीक, नाहीतर केमोचं बघू.

म्हणजे ज्या बोटांसाठी हा सगळा खटाटोप, ती ह्या नाकामुळं जाणार होती.

त्या आठवड्यात आमच्या घराची पार तालीम करून टाकली होती बायकोनं. सकाळची कामं उरकली की मला सतरंजीवर उताणं पाडायचं, पोटावर स्टीलची वाटी उपडी ठेवायची, अन् स्वतः उशाशी पावडरच्या डबीतला आरसा घेऊन बसायचं. मी श्वास रोखला की आरसा नाकाखाली. आरशावर वाफ धरली की ओरडायची, "चोर." मला आधी वाटलं की ती मुद्दाम करते. लग्नाच्या इतक्या वर्षांची कसर काढते. पण आरसा मला दाखवायची, अन् खरंच वाफ असायची. मला कळतच नव्हतं मी कधी ओढला ते.

मग मी नाक चिमटीत धरून बघितलं. तर ओठाचा कोपरा सैल सोडून तिथून ओढायला लागलो. तोंडावर पट्टी लावू का, असं तिनं विचारलं, अन् ती थट्टा करत नव्हती. गुरुवारी आमचा ड्रमवाला दोस्त बघायला आला. तीस वर्षं माझ्या मागं वाजवलेला माणूस. त्याला सांगितलं, तर आधी पोट धरून हसला. मग गंभीर झाला, स्वयंपाकघरातलं पातेलं आणलं अन् त्यावर बोटांनी ठेका धरला. म्हणाला, ठेक्यावर मोज, मन गुंतंल. उलटंच झालं. ठेका कानावर पडला, माझे गाल आपोआप फुगले अन् नाक चालू झालं. बायकोनं त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं अन् त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी हात टेकले. वाटी बाजूला काढून ठेवली अन् म्हणालो, हे माझ्याच्यानं होणार नाय. ही चोरी माझ्या हाडात शिरलेली हाय. केमो तर केमो, बोटं तर बोटं, काय व्हायचं ते होऊ दे. बायकोसमोर मी कधी रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो.

ती काही समजूत घालणारी बाई नाय. जरा वेळ लसूण सोलत बसली. मग म्हणाली, "आवं, पण वरातीत ट्रम्पेटवाल्याची पाळी असली की तुम्ही काय करता?"

मी म्हणालो, काय करणार, उभा राहतो.

"मग तेच सांगते. तवा तर तुम्ही बाजा खाली घेता, तोंड मिटता, अन् पुतळ्यासारखं उभं राहता. मी काय बघितलं नाय व्हय? पाळी तुमची असली की चोरता. दुसऱ्याची असली की कामून चोराल?"

लग्नाआधीपासून ही बाई माझ्या वराती बघत आलेली. मला वाटायचं हिला त्यातलं काही कळत नाय, ही नुसती साड्या बघते.

पुन्हा आडवा झालो. वाटी पोटावर. डोळे मिटले अन् मनाशी म्हणालो, आता पाळी ट्रम्पेटची. आपलं काम नाय. त्याला वाजवू दे, त्याचं तो बघंल. ट्रम्पेटवाला मनातल्या मनात सुरू झाला, मी बाजा खाली घेतला. बायको मोजत होती. एकवीस, बावीस, तेवीस. तिसाला तिनं आरसा माझ्या डोळ्यापुढं धरला. कोरडा ठणठणीत.

शनिवार-रविवार आम्ही किती वेळा केलं याचा हिशोब नाय. शेवटी शेवटी तर बायकोनं कंटाळून टीव्ही लावला अन् मी एकटाच ट्रम्पेट ऐकत पडलो.

सोमवारी गेलो. गादीवर झोपलो, डबी ठेवली, पडदा लागला. टेक्निशियन मॅडम आत बसून बघत होती. पहिल्याच वेळी रेघ पट्ट्यात गेली अन् तशीच राहिली. दुसऱ्या वेळी तशीच. पाच वेळा करायला लावलं तिनं, पाचही वेळा सरळ. मग स्पीकरवरून म्हणाली, "काका, काय केलं हो तुम्ही?" मी म्हणालो, काही नाय, गप बसायला शिकलो. बाहेर बायकोला हे कळलं तर म्हणे, एवढ्यासाठी फर्दापूरवरनं माणूस यावा लागला.

खरा शेक त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाला. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, ते कबूल करतो. खोलीत गार पडलेलं, भलंमोठं मशीन माझ्याभोवती फिरणारं, अन् सगळे जण मला एकट्याला सोडून जाड दाराबाहेर निघून गेलेले. पहिल्या श्वासाला ट्रम्पेट आठवेचना. रेघ थरथरली, मशीन बंद पडलं. मला वाटलं, गेलं सगळं. स्पीकरवरून ती म्हणाली, काही घाई नाही काका, सावकाश. मी दोन-चार साधे श्वास घेतले. मग ट्रम्पेटवाल्याला बोलावलं. तो आला. मशीन गुणगुणायला लागलं आणि मी बाजूला उभा राहिलो.

दुखलं का, असं सगळे विचारतात. काहीच दुखत नाय. किरण दिसत नाय, चटका बसत नाय, काही झालं असं वाटतच नाय. पहिल्या दिवशी बाहेर येऊन मी विचारलंही होतं, की तुम्ही मशीन चालू केलं होतं ना? नंतर थकवा यायचा, दुपारी गाढ झोप लागायची, दोन दिवस जेवणावरची वासना उडाली. एवढंच. उपाशीपोटी जायचं, म्हणून बायको डब्यात मऊ भात अन् मुगाचं वरण बांधून घ्यायची, अन् शेक झाला की आम्ही पार्किंगमधल्या कडुलिंबाखाली बसून खायचो. पाचव्या दिवशी तिनं दोन डबे आणले. एक टेक्निशियन मॅडमला दिला. तिनं नको नको म्हणत घेतला अन् आतून परत येऊन विचारलं, की काकू, वरणाला फोडणी कशाची दिली.

मग तीन महिने वाट बघायची. हे तीन महिने मला शेकापेक्षा जड गेले. मी चिडचिडा झालो. आमटीत मीठ कमी पडलं तरी भांडायचो. क्लॅरिनेट कपाटात होतं, त्याला हात लावला नाय. दोस्त म्हणायचे, वाजवून तर बघ. मी टाळायचो. निकाल उलटा लागून पुन्हा सलाईनी सुरू होणार असतील, तर आता बोटांना आशा कशाला दाखवायची, असं माझं चाललं होतं.

स्कॅनच्या दिवशी मॅडमनी पडदा आमच्याकडं वळवला. मागच्या वेळी जिथं दोन ठिपके पेटलेले दिसत होते, तिथं आता हरभऱ्याएवढा पार गेलेला. सुपारीएवढ्याच्या जागी करडा डाग उरला होता, पण त्यात जीव नव्हता. मॅडम म्हणाल्या, "हा व्रण आहे काका. सध्या केमोची गरज नाही. दर तीन महिन्यांनी बघत राहू. पुढं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, पण आज चांगलं आहे."

आज चांगलं आहे. मला तेवढं पुरे होतं. जीव भांड्यात पडला. बायकोनं मॅडमचे दोन्ही हात धरले अन् सोडेचना. मी मात्र एकच विचारलं, की आता बाजा वाजवू का. मॅडमना कळेना मी हे का विचारतोय. म्हणाल्या, तुम्हाला वाजवू नका असं कोणी सांगितलं होतं?

घरी आलो. जेवलो. दुपारी उन्हं कलल्यावर कपाटातून पेटी काढली, नळ्या जोडल्या, वेताची पातळ रीड तोंडात भिजवली. बायको दारात बसून गहू निवडत होती. मी बोटं भोकांवर ठेवली. उजव्या हाताची करंगळी अजून बावळटच होती. पण बाकीच्यांना कडा लागली, गोल, गार, जिथल्या तिथं. मी एक जुनी वरातीची चाल धरली. पहिले दोन सूर चिरकले, तिसरा लागला. मग पुढचा. फार दिवसांनी माझा आवाज मला ऐकू येत होता.

ओळीच्या मध्यावर दम संपला. सवयीनं गाल फुगले, नाक ओढायला निघालं. मी थांबलो. बाजा ओठांवरून काढला, तोंड उघडलं आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल असा भला मोठा श्वास घेतला. गाणं मधेच तुटलं.

बायकोनं सुपातनं मान वर केली नाय.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"श्वास घेतला."

"घ्या की," ती म्हणाली. "तुमचाच हाय."